बसलं आणि कसलं

"दादा, दिवा जरा खाली घे," गाडीखालून धाकटा म्हणाला. दादाने दिवा वर घेतला.

"खाली, खाली. लक्ष कुठाय तुझं?"

"वय झालं रे," असं म्हणून दादाने दिवा खाली आणला. वय झालं हे उत्तर फार सोयीचं असतं. कुठल्याही प्रश्नाला ते चालतं आणि त्यावर कोणी उलटतपासणी करत नाही.

खरी गोष्ट वेगळी होती. दादाला ऐकू येईनासं झालं होतं. एका दिवसात नाही, चोरपावलांनी. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दारावरची थाप, मग बायकोचं हळू बोलणं. माणसं बोलताहेत हे कळायचं, काय बोलताहेत ते कळायचं नाही. शब्दाची शेपटी तेवढी हाती लागायची, तोंड निसटून जायचं. उरलेलं तो अंदाजाने जुळवायचा, आणि अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा, कारण गॅरेजमध्ये माणसं रोज तेच तेच बोलतात.

आणि नशिबाची थट्टा अशी, की सगळं शहर त्याला कानसेन म्हणायचं. गाडी फाटकातून आत येत असतानाच तो हातातलं काम न सोडता सांगायचा, हिचा अमुक व्हॉल्व्ह सैल झालाय. उघडून बघावं तर तो झालेला असायचाच. लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवून आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून तो डोळे मिटायचा, तेव्हा गॅरेजमध्ये कोणी चहाचा कपसुद्धा वाजू द्यायचं नाही. आता पेचकसातून नुसती थरथर यायची. डोळे मात्र तो अजून तसेच मिटायचा, आणि जे सांगायचं ते अनुभवाच्या जोरावर ठोकून द्यायचा. आजवर निभावलं होतं.

हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. गॅरेजचा फोन आणि गिऱ्हाइकं ती सांभाळायची. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की ती कानसेनकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणायची, "म्हणजे सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देते, असंच ना?" लोकांना वाटायचं, बाई फार चौकस आहे.

"भावजींच्या कानावर घाला एकदा," ती घरी म्हणायची. "तुम्ही दोघं लोखंडात हात घालून काम करता. एकाने एक सांगायचं आणि दुसऱ्याने भलतंच ऐकायचं, हे कधीतरी अंगाशी येणार."

"आणि सांगून काय होणार? लोक माझ्याकडे येतात ते या कानासाठी. तो गेला म्हटल्यावर मी कोण? पाना धरणारे गल्लोगल्ली पडलेत."

"मग मी सांगते."

"माझी शपथ आहे तुला."

शपथ घातल्यावर ती काय बोलणार? मूग गिळून गप्प बसली. पण तेव्हापासून गॅरेजमध्ये काही पडल्याचा आवाज झाला, की ती फोन अर्धवट ठेवून आतल्या दाराशी येऊन बघायची.

आत्ता धाकटा जिच्याखाली होता ती गाडी डॉक्टरीणबाईंची. बाई दातांच्या डॉक्टर, काम सोडून घरी बसलेल्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची: बुटकी, जांभळट लाल, दोन माणसांपुरती, जुन्या शर्यतींच्या काळातली. नवरा गेला, गाडी राहिली. तिचं इंजिन मागे, आणि त्यात पाण्याचा संबंधच नाही. वारा आणि तेल, या दोघांनी मिळून ते थंड ठेवायचं. सपाटीवर गाडी सुरेख पळायची, पण घाट लागला की तेल भडकायचं. नवरा दर वेळी अर्ध्या घाटात थांबायचा, मागचं झाकण उघडायचा आणि कठड्यावर सिगारेट ओढत बसायचा. एका दमात वर तो कधी पोचला नाही.

"घाटावर जुन्या गाड्यांचा मेळा आहे," बाई म्हणाल्या होत्या. "नातीला शेजारी बसवून मला न थांबता वर जायचंय. एकदाच. मग गाडी विकली तरी चालेल."

उपाय ठरलेला होता. पुढे, उजव्या मडगार्डच्या आत, वारा लागेल अशा जागी तेलाचा कूलर बसवायचा. म्हणजे छोटा रेडिएटरच, फक्त पाण्याऐवजी तेलाचा. मागच्या इंजिनातलं तापलेलं तेल लांब नळीने दाराखालून पुढे आणायचं, वाऱ्यावर निववायचं आणि दुसऱ्या नळीने परत पाठवायचं. वाटेत एक झडप. तेल चांगलं तापेपर्यंत ती बंद राहते आणि त्याला पुढे सोडत नाही, कारण थंडच असलेलं तेल आणखी थंड करण्यात काही अर्थ नसतो.

"मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "तुमचा कान हो म्हणाला, की मी निघाले."

कानसेन हसला.

आता या गॅरेजची एक रीत सांगायला हवी. इथे 'झालं' म्हणायला बंदी होती. हा वडिलांचा दंडक. झालं म्हणजे नेमकं काय झालं? नट हाताने आट्यावर चढवला आणि बोटांनी जाईल तितका फिरवला, की 'बसलं' म्हणायचं. मग दोन पाने लावायचे, एकाने धरायचं, दुसऱ्याने आवळायचं, आणि तेव्हा 'कसलं' म्हणायचं. "झालं हे फक्त जेवण होतं," असं वडील म्हणायचे. एक जण गाडीखाली आणि एक जण वर, एकमेकांचं तोंड न बघता काम करायचं, तर शब्द पक्के हवेत. नवीन गिऱ्हाईक कोड्यात पडून विचारायचं, "कसलं?" आणि दोघे भाऊ एका सुरात सांगायचे, "कसलं म्हणजे कसलं." या विनोदावर त्यांनी आयुष्य काढलं. त्या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे, हे वडिलांच्या कधी मनात आलं नसावं. त्यांच्या घरात सगळ्यांचे कान शाबूत होते.

दुपारी शेवटचा सांधा उरला, कूलरचा खालचा. त्याचा नट खालूनच चढवता येत होता, पण खाली पाना फिरवायला जागा नव्हती. धाकट्याने तो खालून हाताने चढवला. पान्याचं काम दादा चाकाच्या बाजूने करील, हा त्याचा हिशेब. शेजारच्या शेडमध्ये कुठल्याशा बसच्या पत्र्यावर हातोडे पडत होते.

"बसलं," धाकटा म्हणाला.

कानसेनला 'सलं' ऐकू आलं. पहिलं अक्षर हातोड्याखाली गेलं. पुन्हा विचारता आलं असतं, पण सकाळपासून त्याने बऱ्याचदा 'काय' म्हटलं होतं आणि शेवटच्या वेळी धाकट्याच्या कपाळावर आठी चढली होती. वरचा सांधा धाकट्याने स्वतःच कसला होता, म्हणजे हाही त्यानेच कसला असणार. अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. कानसेनने मडगार्डच्या आतला पत्रा जागेवर लावला, त्याचे स्क्रू आवळले आणि चाक चढवलं. पत्र्यामागे सांधा दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सामानासकट आल्या. नात बरोबर होती, शाळकरी, दोन वेण्यांची. ती कानसेनकडे टक लावून बघत राहिली.

"तुम्ही नुसतं ऐकून सांगता ना सगळं?" तिने विचारलं. बायकोने कानसेनकडे तोंड करून ते पुन्हा म्हटलं, "पोर विचारतेय, तुम्ही नुसतं ऐकून सांगता ना?"

"बघच आता," कानसेन म्हणाला.

धाकट्याने इंजिन चालू केलं. झडप उघडेपर्यंत ते चालू ठेवायचं, तेल पुढे आलं की सांधे बघायचे, मगच गाडी सोडायची, असा नियम. झडप उघडते तेव्हा इंजिनचा सूर किंचित उतरतो. तो उतरलेला सूर वडिलांना कळायचा आणि कानसेनला. धाकट्याला तो जन्मात कधी कळला नाही. तो आपला पुढची नळी हाताने चाचपायचा. नळी गरम लागली म्हणजे तेल आलं, असा त्याचा साधा मामला.

कानसेनने पेचकस इंजिनला लावला आणि डोळे मिटले. सगळे गप्प झाले. हाताला थरथर लागत होती, बाकी काही नाही. त्याने एक डोळा किलकिला करून मागच्या काचेतून आतल्या, तेलाचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे बघितलं. काटा निम्म्याच्या पुढे सरकला होता. एव्हाना झडप उघडायला हवी. उघडली असेलच.

"उघडली," तो म्हणाला.

धाकटा चाकाशी वाकला आणि त्याने नळीकडे हात नेला.

"मी सांगतोय ना," कानसेन म्हणाला, जरा मोठ्यानेच. नात बघत होती. धाकट्याने हात मागे घेतला, गाडीखाली नजर टाकली. जमीन कोरडी ठणठणीत. तशी ती असणारच होती. झडप उघडली नव्हती आणि तेल अजून पुढे आलंच नव्हतं.

बाईंनी कानसेनचे आभार मानले, नातीला पट्टा बांधायला लावला आणि लाल गाडी फाटकाबाहेर पडली. घाट तिथून दीडेक तासाच्या रस्त्यावर होता. बायको कानसेनच्या समोर येऊन उभी राहिली.

"खरंच ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं," तो म्हणाला. ती बाजूला झाली नाही. शेवटी तोच बाजूने निघून गेला.

चहा झाला. धाकटा पाने पुसून जागेवर लावत होता. पातळ पान्यांची जोडी हातात घेऊन तो दादाकडे वळला.

"खालचा सांधा कसताना हात पोचला का रे तुझा? मला वाटलं होतं, कूलर पुन्हा उतरवावा लागतो की काय."

कानसेन त्याच्या तोंडाकडे बघत होता, म्हणून त्याला सगळं कळलं. "कुठला खालचा?"

"कूलरचा. काल शेवटी."

"तो तू कसलास. कसलं म्हणालास की."

"मी? माझा पानाच शिरत नव्हता तिथे. मी बसलं म्हणालो."

कानसेनला ऐकू आलं ते कालच्यासारखंच, 'सलं'. पण या वेळी धाकट्याचे ओठ समोर होते. ओठ मिटले आणि उघडले. 'क' म्हणताना ओठ मिटत नाहीत. धाकट्याच्या हातातून पाना खाली पडला, आणि आवाजाने बायको दाराशी आली.

पुढचं भराभर झालं. बायकोने फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. गाडी चालवताना बाई फोन पर्समध्ये ठेवत. "तुम्ही निघा, मी लावत राहते," ती म्हणाली. धाकट्याने पिकअप काढली, तेलाचा डबा, जॅक आणि पाने मागे टाकले, आणि दोघे घाटाच्या रस्त्याला लागले.

वाटेत कानसेन मनातल्या मनात गाडी घाटात चढवत होता. सपाटीवर काही व्हायचं नाही, झडप मिटलेली राहील. चढ लागेल, तेल तापेल, झडप उघडेल, आणि सगळं तेल जोराने पुढे येईल, त्या बोटांनी फिरवलेल्या नटाशी. नट लगेच सुटणार नाही. आधी पाझरेल. तो सांधा उजव्या पुढच्या चाकाच्या वर होता. तेल टायरवर पडेल. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि ते थांबवायला त्याच्याकडे आता काहीही नव्हतं. देवा, पोर शेजारी आहे, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मध्येच त्याच्या लक्षात आलं की धाकट्याचे ओठ हलताहेत. तो रस्त्याकडे बघत बोलत होता, बाजूने काही कळत नव्हतं. कानसेनने नुसती मान हलवली. धाकटा गप्प झाला. मग त्याचे ओठ पुन्हा हलले, अगदी थोडे, काहीतरी छोटंसं बोलल्यासारखे, आणि तो उत्तराची वाट बघत थांबला. कानसेनने पुन्हा मान हलवली. धाकट्याने वळून त्याच्याकडे पाहिलं, चढाच्या रस्त्यावर पाहू नये इतका वेळ पाहिलं. त्याला कळलं, हे कानसेनला कळलं.

घाटाची पहिली वळणं कोरडी होती. मग रस्त्यावर एक काळा थेंब दिसला, थोड्या अंतराने दुसरा. थेंब जवळ जवळ येत गेले. पुढच्या वळणानंतर त्यांची रेघ झाली. रेघ आपल्या बाजूने सरळ चालली होती, आणि दर वळणावर थोडी थोडी बाहेर, दरीकडे, सरकत होती. एका वळणावर ती पार कठड्यापर्यंत गेली. तिथे टायर घासल्याचे डाग होते आणि कठड्याचा रंग खरवडला होता. धाकट्याने पिकअप थांबवली. कानसेन उतरला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला, पण त्याला खाली बघवेना.

धाकटा पुढे पळत गेला होता. वळणाच्या टोकाशी उभा राहून तो हात हलवत होता, ये, ये म्हणून.

लाल गाडी डोंगराच्या बाजूला, गटारात नाक खुपसून उभी होती. नात रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती, कपाळावर आजीचा स्कार्फ बांधलेला, त्यावर थोडं रक्त. बाई तिच्या शेजारी, डावा हात छातीशी धरून. दोघी जिवंत होत्या. कानसेन रस्त्यावरच बसला.

बाई त्याच्या समोर येऊन बोलल्या, म्हणून त्याला कळलं. डॅशबोर्डवर तेलाच्या इशाऱ्याचा दिवा लागला होता, पण थांबायला जागाच नव्हती, म्हणून त्या गाडी चालवतच राहिल्या. मग वळणावर चाक वळलं आणि गाडी वळली नाही. कठड्याला घासून परत आली. पुढचं वळण येण्याआधी त्यांनी ती डोंगरात घातली.

"डोंगराची बाजू होती म्हणून," एवढं म्हणून त्या थांबल्या.

दोघींना दवाखान्यात नेतो, असं धाकटा म्हणाला. पण बाईंनी पोरीला स्वतः तपासलं होतं, टाके लागतील, तासाभराने काही बिघडत नाही म्हणाल्या. घरून मुलगा निघाला होता, फोन झाला होता. तो येईपर्यंत गाडी रस्त्यातून काढा, एवढंच त्यांचं म्हणणं. भावांनी दोर बांधून गाडी पिकअपने मागे ओढली, कडेच्या सपाटीवर घेतली. धाकट्याने चाक काढलं, पत्रा काढला आणि सांध्याला बोट लावलं. नट बोटावर फिरला. त्याने दादाकडे पाहिलं नाही. पाने दोघांनी धरले, एकाने धरायचं, एकाने आवळायचं. नट कसल्यावर नेहमीचा शब्द कोणीच उच्चारला नाही. मग डब्यातलं सगळं तेल इंजिनमध्ये ओतलं.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "तेल नसताना चालवलीय मी ती. तुम्ही ऐका आणि सांगा, इंजिन राहिलंय की गेलं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. फक्त खरं सांगा."

धाकट्याने किल्ली फिरवली. गाडी थरथरली. नात दगडावरून उठून जवळ आली. घाटातून जाणारी एक गाडी थांबली होती, त्यातली माणसं उतरून उभी होती. बाईंनी त्यांना हाताने गप्प राहायची खूण केली. सगळे कानसेनकडे बघत होते. धाकटाही.

कानसेनने पेचकस इंजिनला टेकवला. मूठ कानामागे नेली. डोळे मिटले असते तर आजही निभावलं असतं. काहीही सांगितलं असतं तरी या सगळ्यांनी मान डोलावली असती. त्याने डोळे मिटले नाहीत. पेचकस खाली घेतला.

"बाई, काल हा सांधा कसायचा राहिला," तो म्हणाला. "हा 'बसलं' म्हणाला आणि मी 'कसलं' ऐकलं. सकाळी झडप उघडल्याचं सांगितलं तेही खोटं. मला ऐकू येत नाही. बरेच महिने झाले. मी लपवलं."

आपला आवाज किती मोठा निघाला याचा त्याला अंदाज नव्हता. मोठाच निघाला असावा, कारण पलीकडच्या माणसांनी माना खाली घातल्या.

बाईंचे ओठ हलले. "मी पोरीला शेजारी बसवलं होतं, मिस्त्री."

"हो," कानसेन म्हणाला.

बाईंनी नातीला जवळ ओढलं आणि त्या तिला घेऊन दगडाकडे परत गेल्या. इंजिन चालूच होतं. कानसेनने पेचकस उलटा केला आणि मूठ धाकट्यापुढे धरली.

"तू ऐक."

"मला कुठे कळतं रे त्यातलं?" असं धाकट्याच्या ओठांवर दिसलं.

"कळेल. घाई करू नकोस. आत ठोका पडतोय का बघ. दारावर कोणी बोटाने वाजवावं तसा असतो तो. पडत नसेल तर वाचलं."

धाकट्याने पेचकस घेतला. दादा धरायचा तसाच त्याने तो धरला, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटले. कानसेन त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. आधी त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसता गोंधळ. मग भुवया जवळ आल्या. मग तो चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि कानसेनने इंजिन असं पहिल्यांदाच ऐकलं.

धाकट्याने इंजिन बंद केलं. तो बाईंकडे जाईल असं वाटलं होतं, पण तो आधी दादाच्या समोर येऊन उभा राहिला, अगदी जवळ, उजेडाकडे तोंड करून. आणि त्याला दिसेल असं, सावकाश म्हणाला, "गेलं, दादा."